रात्रपाळीतला श्वास

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास नाशिक फाट्यावर उभं राहिलं, की कंपन्यांच्या बसगाड्या दोन्ही दिशांना एकामागून एक जाताना दिसतात. भोसरी-मोशी ओलांडून चाकणकडे निघालेल्या गाड्यांत कामावर जाणारी माणसं असतात: अंघोळ झालेली, मांडीवर डबा, कानात इअरफोन. समोरून येणाऱ्या गाड्यांत रात्रपाळी सुटलेली माणसं असतात. माना खिडकीच्या काचेला टेकलेल्या, डोळे मिटलेले; पण त्याला झोप म्हणता येत नाही. रात्रभर लाइनवर उभं राहिलेलं शरीर बसमध्ये येऊन बसतं आणि मन लाइनवरच राहतं. शेवटच्या गाडीचा बोल्ट नीट टॉर्क झाला होता ना, रिजेक्शन कुणाच्या नावावर लागणार, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही, गावाकडे सोयाबीनला काय भाव मिळाला. घरी पोचावं तर एका खोलीत मुलांच्या शाळेची घाई, कुकरच्या शिट्ट्या आणि खिडकीतून थेट तोंडावर येणारं ऊन. दुपारी कुठे डोळा लागतो, तोवर कुणीतरी दार वाजवतं.

या माणसाला मनःशांतीबद्दल काही सांगायचं, तर आधी त्याचा दिवस समजून घ्यायला हवा. गेल्या काही वर्षांत पिंपरी-चिंचवड, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यात 'माइंडफुलनेस' हा शब्द बराच ऐकू येऊ लागला आहे. तो बहुतेक वेळा एचआरच्या केबिनमधून येतो. २१ जूनच्या योग दिनाला शेडच्या बाहेर सतरंज्या पडतात, वेलनेसचा आठवडा होतो, स्टाफला एखाद्या ध्यानाच्या ॲपचं सभासदत्व मिळतं. युनियनमध्ये मुरलेल्या माणसांना यात डाव दिसतो: पगार, पाळ्या आणि कायम नोकरी यांवर बोलायचं सोडून आम्हाला डोळे मिटायला सांगतात. एचआरच्या तरुण मुला-मुलींना मात्र मनापासून वाटत असतं, की आपण काहीतरी चांगलं आणलं आहे. मला या दोघांचंही म्हणणं कळतं. तरीही माझं मत असं, की कुणाच्या तरी आवाजाच्या आधाराने दहा-वीस मिनिटं श्वासावर बसण्याची ही पद्धत खरोखर कामाची आहे, या पट्ट्यातल्या माणसाला तिची गरज आहे, आणि ती मिळायची असेल तर ती कामगाराच्या मालकीची असली पाहिजे. व्यवस्थापनाचं हत्यार झाली तर तिचा जीव जातो.

ही पद्धत कॅलिफोर्नियातून चाकणला आली असं समजण्याचं कारण नाही. औद्योगिक पट्टा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच्या चारी बाजूंना एकांतात बसण्याच्या जागा आहेत. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी, पलीकडे आळंदीला ज्ञानेश्वरांची. घोरावाडी स्टेशनजवळच्या डोंगरावर घोरावडेश्वराची लेणी आहेत. मुळात ती बौद्ध भिक्षूंची. पावसाळ्याचे महिने त्यांनी अशा खोल्यांत काढले. पुढे तिथे महादेव आला. देहूजवळ भंडारा डोंगर आहे. आणि चाकणच्या एमआयडीसीला लागून भामचंद्र डोंगर आहे.

भामचंद्राबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण चाकणला रोज येणाऱ्या हजारो माणसांना तो फक्त शेडच्या मागे दिसणारा एक कडा म्हणून माहीत आहे. पंधरा दिवसांत याच डोंगरावर साक्षात्कार झाला, असं तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे. ते तिथे कोणत्या अवस्थेत गेले होते, हे विसरता कामा नये. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचं दुकान बसलं, बायको गेली, मुलगा गेला, गावात पत उरली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर नोकरी गेलेला, कर्जात बुडालेला, घरात दोन मृत्यू पाहिलेला एक तरुण माणूस गाव सोडून डोंगरावर जाऊन बसला. निवांतपणा उपभोगायला तो गेला नव्हता. खाली उतरल्यावर त्याने घरातल्या कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, असं परंपरा सांगते. म्हणजे मन निवलं, आणि त्यापाठोपाठ व्यवहारही बदलला. या दोन गोष्टी एकत्र घडल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज त्याच डोंगराच्या कपारींत वारकरी साधक गाथा-ज्ञानेश्वरीचा अभ्यास करत राहतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी खाणकाम नको, औद्योगिक झोन नको म्हणून वारकऱ्यांनी अनेकदा आंदोलनं केली आहेत. गाड्यांचे कारखाने आणि ध्यानाची गुहा यांच्यामध्ये इथे एक रस्ता आहे, एवढंच अंतर.

दुसरी जागा देहूरोडची. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षं अवकाश होता. मूर्ती रंगूनहून आली होती. बाबासाहेब त्याच महिन्यात तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. त्याच सुमारास पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता. पिंपरीचं औद्योगिक आयुष्य आणि देहूरोडचा विहार हे असे एका वयाचे आहेत. आजही २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर गर्दी होते, आणि त्या गर्दीत कारखान्यांतली माणसं मोठ्या संख्येने असतात.

रंगूनचं नाव पुन्हा येतं ते एका सरकारी हिशेबनिसामुळे. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्याच खात्याचे प्रमुख झाले. ध्यान ते शिकले साया तेजी या शेतकरी गृहस्थाकडून, १९३७ मध्ये. १९५० मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यनेची संघटना काढली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवू लागले. १९५२ मध्ये रंगूनमध्ये केंद्र उभं केलं. सरकारने एकाच वेळी अनेक खात्यांचा कारभार त्यांच्यावर सोपवला, तोही त्यांनी निभावला. कामाच्या जागी ध्यान, ही कल्पना कुठल्या तरी परदेशी सॉफ्टवेअर कंपनीची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही कचेरी आठवावी. तिथे शिकवणारा माणूस स्वतः त्याच टेबलांवर काम करत वर आला होता आणि आधी स्वतः बसत होता.

१९५५ मध्ये ३१ वर्षांचे एक उद्योजक त्यांच्याकडे आले. सत्यनारायण गोयंका. मायग्रेनच्या वेदना इतक्या, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परतच पाठवलं: डोकेदुखी घालवायला येत असाल तर ही विद्या त्यासाठी नाही. मन शुद्ध करायचं असेल तर या. डोकेदुखी गेली तर तो वरचा लाभ. गोयंका गुरुजींनी हा प्रसंग पुढे वारंवार सांगितला. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. आळंदीजवळ मरकळ गावात 'धम्मानंद' हे केंद्र आहे, पुण्यात स्वारगेटजवळ 'धम्मपुण्ण' आहे. गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण शिबिरं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतात. आवाजाच्या मार्गदर्शनाखाली ध्यान हा प्रकार महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी मोबाइलवर ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून अनुभवला आहे.

दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. मोबाइल जमा केलेला असतो, आर्यमौन असतं, अकराला जेवण, संध्याकाळी फळं आणि चहा, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले साडेतीन दिवस फक्त एकच काम: नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याच्यावर मंत्र चढवायचा नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. बसल्यावर पाच-सहा श्वासांत मन पसार होतं. भावाशी झालेलं भांडण, गाडीचा हप्ता, वीस वर्षांपूर्वी वर्गात झालेला अपमान, मग गुडघा, मग पाठ. स्पीकरमधून आवाज येतो: मन भरकटलं तर हरकत नाही, पुन्हा श्वासावर या. याच 'पुन्हा या'मध्ये सगळी मेहनत आहे. रागावून मनाला ओढून आणायचं नाही, हेही शिकावं लागतं, आणि मला तर हाच भाग सर्वांत कठीण वाटतो. कारण कारखान्यात काय, शाळेत काय, चूक झाली की आधी ओरडायचं हीच आपल्याला लागलेली सवय. चौथ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात. शेवटच्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, औषधांनी न थांबणाऱ्या वेदनांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज कॅसेट लावून पाऊण तास सराव. त्यात पडून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा जो प्रकार आहे, त्याचं मूळ ऊ बा खिन यांच्याच परंपरेत आहे. धार्मिक परिभाषा त्यांनी बाजूला ठेवली, दवाखान्याची भाषा घेतली, आणि तिथून जगभर 'माइंडफुलनेस' पसरलं. मराठीत डॉ. यश वेलणकर यांनी 'लोकसत्ता'तल्या 'मनोवेध' सदरातून साक्षीभावाच्या ध्यानाबद्दल साध्या भाषेत लिहिलं, ते पुष्कळ वाचकांना आठवत असेल.

याने नेमका किती फायदा होतो? इथे भक्तांचंही ऐकू नये आणि चेष्टा करणाऱ्यांचंही. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा, ३,५१५ माणसांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, उदासी आणि वेदना यांवर माइंडफुलनेसचा थोडा ते मध्यम फायदा दिसला. पण व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यानंतर 'जामा सायकियाट्री'त आलेल्या एका चाचणीत चिंतारोग असलेल्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना एस्सिटॅलोप्राम ही नेहमीची गोळी दिली आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा हा अभ्यासक्रम. अभ्यासक्रम गोळीपेक्षा कमी पडला नाही. ही मोठी गोष्ट आहे. मात्र तिथे शिकवणारा प्रशिक्षित माणूस समोर होता आणि घरी रोजचा पाऊण तासाचा सराव होता. सकाळी मीटिंगच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून तेवढाच परिणाम होईल, असं कुणी सांगत असेल तर तो फसवत आहे.

आणि आता कामाच्या जागेचा पुरावा. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. कंपनीने दिलेली ध्यानाची ॲप्स, ताण सोसायला शिकवणारे वर्ग, झोपेचे कार्यक्रम यांत भाग घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्या मनःस्थितीत जवळजवळ काही फरक आढळला नाही. स्वयंसेवेचं काम तेवढं अपवाद. ध्यान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. ज्या कामामुळे माणूस पिचतो ते काम आहे तसं ठेवून वरून ध्यान दिलं, तर ते पुरत नाही, असा अर्थ घेतो.

हे चाकणला कसं लागू होतं ते लाइनवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. टॅक्ट टाइम म्हणजे एका गाडीवरचं आपलं काम उरकायला मिळणारा ठरलेला वेळ. तो संपला की गाडी पुढे सरकते, आपण तयार असा वा नसा. एखादी क्लिप बसली नाही, हातमोजा अडकला, की पुढच्या गाडीचा वेळ खाल्ला जातो. दहा मिनिटांचा टी-ब्रेक होतो. त्यात मोजे काढायचे, कँटीनपर्यंत चालायचं, रांगेत उभं राहायचं, चहा घशाखाली घालायचा, वॉशरूमला जायचं आणि भोंग्याच्या आधी आपल्या स्टेशनवर हजर व्हायचं. या ब्रेकमध्ये ध्यान करा म्हणणाऱ्याने एकदा तो ब्रेक घेऊन पाहावा. लाइनवर काम करणाऱ्याचं लक्ष मुळात कमी नसतं. आठ तास त्याने ते मुठीत धरलेलं असतं, आणि सुटी झाल्यावर ती मूठ उघडत नाही. ऑफिसमधल्या माणसाला विखुरलेलं मन गोळा करायचं असतं. लाइनवरच्या माणसाला आवळलेलं मन सैल करायचं असतं. दोघांना एकच ध्वनिफीत देऊन भागत नाही, हे ॲप विकत घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

मग दहा दिवसांचं शिबिर तरी करावं, तर येण्या-जाण्यासकट बारा दिवस लागतात. फी नाही हे खरं. पण ठेकेदाराकडे, ट्रेनी म्हणून किंवा सहा-सात महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलाला त्याची किंमत बारा दिवसांच्या पगारात मोजावी लागते, आणि परत आल्यावर जागा शिल्लक असेल याची खात्री नसते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सोय आहे. शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर 'मित्र उपक्रम' राबवला, त्यात शाळेतली मुलं रोज काही मिनिटं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जाणण्याचा सराव, करतात. १९९४ मध्ये किरण बेदी तुरुंगप्रमुख असताना तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी शिबिराला बसले. सरकारी नोकराला वेळ मिळाला, विद्यार्थ्याला मिळाला, कैद्यालाही मिळाला. चाकणच्या कंत्राटी कामगाराला कुणी दिला नाही.

बायकांचं तर आणखीनच. चाकण-तळेगावकडच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि वायरिंग हार्नेसच्या शेडमध्ये मुली आणि बाया मोठ्या संख्येने आहेत. पहाटे उठून दोन डबे, पाणी भरणं, मग बस, मग आठ तास वायरी, परत येऊन पुन्हा स्वयंपाक. घरात ध्यानाला बसलेल्या पुरुषासाठी टीव्हीचा आवाज बारीक होतो. बाई डोळे मिटून बसली तर बरं वाटत नाही का, म्हणून विचारतात. बाईला आनापान करता यावं म्हणून घरातल्या पुरुषांनी पहिली सोय ही करावी: बाईची वीस मिनिटं, रोजची, दार लोटून, आणि त्या वेळात मुलांकडे तिने बघायचं नाही.

कारखाना कायद्याने १९४८ मध्ये दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत नेणाऱ्या बदलाला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती त्यात आवश्यक ठेवली आहे. ज्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी रिन्यू होतं, त्याच्यापुढे संमतीचा कागद आला तर तो काय करेल, हे या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या जागेवरच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कामाचा बोजा, वेळा आणि कामगाराचा निर्णयातला सहभाग यांत बदल करण्याला मोठं स्थान आहे. ध्यानासारखे वैयक्तिक उपाय त्याच्या जोडीला येतात.

बाबासाहेबांचं नाव मी देहूरोडपुरतं घेतलं नव्हतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी रूढ मांडणीला रोखठोक प्रश्न विचारले, आणि ग्रंथभर दुःखाचा विचार करताना माणसाने माणसाला दिलेलं दुःख, शोषण आणि गरिबी नजरेआड होऊ दिली नाही. या ग्रंथाचा वारसा सांगणाऱ्या हजारो कुटुंबांमध्ये आज विपश्यनेची आवडही आहे आणि तिच्याबद्दल शंकाही: डोळे मिटले की अन्याय दिसेनासा होतो का? मला हा वाद मोलाचा वाटतो. तो पिंपरीत, देहूरोडला, चाकणला विहाराविहारांतून व्हावा. माझ्यापुरतं उत्तर असं, की नीट केलेलं ध्यान माणसाला गप्प करत नाही. राग आल्याबरोबर हात उचलण्याआधी जी एक फट मिळते, ती त्याला घरात बायको-मुलांवर ओरडण्यापासून वाचवते. तीच फट त्याला गेट मीटिंगमध्ये मुद्द्याचं बोलायला शिकवते. मनावर ताबा असलेला कामगार मालकाला सोपा जातो, हे मला मान्य नाही. भेदरलेला, न झोपलेला, दारूच्या दुकानाजवळून घरी जाणारा कामगार त्याला जास्त सोपा जातो.

तेव्हा कामगाराने ही दहा मिनिटं आणायची कुठून? माझं उत्तर आहे, बसमधून. चाकणच्या ट्रॅफिकने या पट्ट्यातल्या माणसांचे तासन् तास खाल्ले आहेत. तळेगाव चौकात गाडी अडकली की अडकली. बसमध्ये सीट मिळाली असेल, तर पाठ टेकवून दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा. डबा मांडीवरून खाली ठेवा. मार्गदर्शनाची मराठी किंवा हिंदी ध्वनिफीत असेल तर आवाज बारीक ठेवून लावा. नसेल तरी चालतं. पहिलं मिनिट फक्त शरीराचं वजन सीटवर कुठे पडतंय ते जाणा. तळवे तापलेले असतील, पोटऱ्या दुखत असतील, त्या दुखू द्या. मग श्वास. नाकाच्या टोकाशी हवा आत येताना जरा गार लागते, बाहेर जाताना कोमट. तेवढंच पाहायचं. बस ब्रेक मारेल, कुणी फोनवर मोठ्याने बोलेल, गाणी लागतील. त्यांच्यावर चिडायचं नाही. आवाज ऐकू आला हे कळलं की पुन्हा नाकाच्या टोकाशी. टॉर्कचा विचार येईल. आला हे जाणून परत फिरायचं. झोप लागली तर लागू द्या, रात्रपाळी केलेल्या माणसाला झोपच आधी हवी. दहा मिनिटांनी मन शांत झालेलं असेलच असं नाही. जबडा सैल झाला, खांदे कानांपासून खाली आले, एवढं झालं तरी घरात पाऊल टाकताना फरक पडतो. महिनाभर रोज करून पाहा, मग ठरवा.

तीन गोष्टी मात्र पाळाच. दुचाकी चालवताना किंवा मशीनवर असताना इअरफोन लावून ध्यान करू नका. प्रेसवर काम करणाऱ्याची बोटं त्यात जातील. घरात कुणाला तीव्र मानसिक आजार असेल, किंवा एखाद्या अपघाताचा-मृत्यूचा धक्का ताजा असेल, तर दहा दिवसांच्या मौनाला परस्पर पाठवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. लांबलचक ध्यानात काही जणांची अस्वस्थता वाढते. आणि चालू असलेली गोळी ध्यान सुरू केलं म्हणून मनाने बंद करू नका.

व्यवस्थापनांना माझं एवढंच सांगणं आहे. ध्यानाचा वर्ग ठेवायचा तर तो पगाराच्या वेळेत ठेवा, पाळी सुटल्यावर बस सुटायच्या आत कोंबू नका. सक्ती नको, हजेरी नको, फोटो नको, आणि कोण बसतो कोण नाही हे मूल्यमापनात येता कामा नये. कंत्राटी कामगाराला वगळू नका. वर्षातून एकदा बारा दिवसांची भरपगारी रजा, शिबिरासाठी असो, वारीसाठी असो की गावाकडे आईजवळ बसण्यासाठी, ही मागणी युनियनने पुढच्या करारात घालावी. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, तेव्हा दर्शनाला आलेल्या किती जणांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं ते बघा; मन निवायला काय लागतं हे या माणसांना शिकवावं लागत नाही, त्यांना वेळ लागतो. आणि रात्रपाळीचं चक्र आठवड्याला उलटसुलट फिरवणं आधी थांबवा. झोप मोडलेल्या माणसाला कुठलंही ध्यान पुरणार नाही.

मन फारच खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर श्वासावर थांबू नका, माणसाशी बोला. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं, म्हणजे रात्रपाळीच्या ब्रेकमध्येही लागते. तुमच्या शेडच्या नोटीस बोर्डावर, बसच्या दाराशी आणि कँटीनच्या रांगेजवळ हा नंबर लावलेला नसेल, तर उद्याच्या पाळीला लावून घ्या.